अंभोरे सिस्टरांचा रॅक

अंभोरे सिस्टर कुणाशीही बोलायला लागल्या, की त्यांचा हात आपोआप समोरच्याच्या मनगटाकडे जायचा. भाजीवाली असो, तलाठी असो की दारात आलेला गॅस सिलिंडरवाला. बोलणं कोथिंबिरीचं चालू असायचं आणि बोटं नाडीवर असायची. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण वाशिमकडच्या मानोरा गावात त्यांचा हात कधी कुणी झटकला नाही. झटकणार कोण? गावातली कितीतरी माणसं या जगात आली ती त्याच हातांत. भर बाजारात एखाद्या मिशीवाल्या पुढाऱ्याला थांबवून त्या सांगायच्या, "तू पायाळू आल्ता बापा. तुह्या मायले लय तरास दिला तू." आणि तो पुढारी कार्यकर्त्यांसमोर मान खाली घालून हसायचा.

मी त्यांची भाडेकरू. घर नाशिककडचं, पंचायत समितीत पहिलीच नेमणूक, आणि ती मानोऱ्याला. खोली बघायला गेले तेव्हा सिस्टरांनी खोलीआधी माझ्या डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली. "रक्त कमी हाय तुयात," त्या म्हणाल्या. "राह्य अठी. शेंगदाणे अन् गूळ खात जाय." खोली मिळाली की उपचार सुरू झाले, हे मला तेव्हा कळलं नाही. सकाळी ऑफिसला निघताना त्यांच्यासमोर उभं राहून शेंगदाणे चावून दाखवावे लागायचे.

निर्जीव वस्तूंकडेही त्या पेशंट म्हणूनच बघायच्या. मिक्सरला धाप लागायची. कूलरला लघवीचा त्रास होता, कारण त्याचं पाणी थेंबथेंब गळायचं. दिग्रसकडून येणाऱ्या एसटीचा आवाज ऐकून त्या घरातूनच सांगायच्या, "छातीत कफ झाला हिच्या." आणि कुठल्याही प्रश्नावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आदी हात लावून पाय, मंग बोल." मी एकदा दही आंबट झालंय म्हटलं तर त्यांनी माझ्या हातात चमचा दिला. दही गोड होतं.

त्यांच्या नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मिलिंद पुण्याला. तो दर सणाला "आई, आता इकडंच ये" म्हणायचा आणि त्या दर सणाला "पाहू" म्हणायच्या.

गावातल्या बुद्धविहाराच्या मागे एक खोली रिकामी पडली होती. तिथं मुलींसाठी अभ्यासिका करायची, हे सिस्टरांच्या डोक्यात बसलं. गावातल्या मुली पोलीस भरतीचा, नर्सिंगच्या प्रवेशाचा, तलाठी परीक्षेचा अभ्यास करत होत्या, पण घरी बसायला जागा नव्हती. एका खोलीत टीव्ही, चूल, आजोबा आणि धाकटी भावंडं. एक मुलगी तर शेळ्यांच्या गोठ्यात बसून इंग्रजी व्याकरण पाठ करायची. सिस्टरांनी घरोघर फिरून पुस्तकं गोळा केली. नोकरी लागलेल्या मुलींची जुनी गाइडं, कुणाचे शब्दकोश, कुणाचे नकाशे. पोत्यांत भरून सगळं माझ्या खोलीत आणून ठेवलं, कारण "तुह्या खोलीत जागा लय हाय."

आडवे आले देवराव मनवर. हे विहार समितीचे अध्यक्ष, निवृत्त ग्रामसेवक. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. त्यांना ती खोली समितीचे गंज म्हणजे स्वयंपाकाची मोठी पातेली, सतरंज्या आणि मांडवाचे बांबू ठेवायला हवी होती. त्यांचं आणि सिस्टरांचं जमत नसे, आणि त्याचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. मनवरांच्या बायकोचं, लीलाबाईंचं, पहिलं बाळंतपण सिस्टरांनी केलं होतं. तेव्हा देवरावभाऊ दवाखान्याच्या व्हरांड्यात चक्कर येऊन पडले. "बाळंतीण लीला, अन् सलाईन देवरावले," हे वाक्य सिस्टर तेव्हापासून सांगत आल्या होत्या. लग्नात, बारशाला, एकदा तर समितीच्या बैठकीतही. मनवरांनी त्यांना माफ केलं नव्हतं आणि सिस्टरांनी माफी मागितली नव्हती.

बैठकीत मनवर म्हणाले, "अभ्यासिकेले माहा विरोध नाई. पण पुस्तकं जमिनीवर पडलेली विहारात बरी दिसतात काय? पौर्णिमेपर्यंत पुस्तकं नीट लावून दाखवा. नाई तं पौर्णिमेनंतर गंज आत जातीन."

वैशाखी पौर्णिमेला महिनाभराहून थोडा जास्त वेळ होता. सिस्टरांनी त्याच संध्याकाळी मिलिंदला फोन केला आणि मिलिंदने पुण्यात बसल्या बसल्या एक मोठा रॅक मागवून दिला.

रॅक आला तो चपट्या खोक्यात, आडवा. सिस्टरांनी खोक्याला सगळीकडून हात लावून पाहिला. "येवढा उंच रॅक अन् पोट येवढं सपाट?" त्यांना संशय आला. आम्ही खोकं विहाराच्या ओट्यावर उघडलं. आत फळ्या, एका पिशवीत बोल्ट आणि लाकडी गुल्ल्या, आणि एक चित्रांचा कागद. कागदावर एक गोल डोक्याचा माणूस होता. त्याला नाक नव्हतं, केस नव्हते, पण तो प्रत्येक चित्रात हसत होता. पहिल्या चित्रात फळी उचलून हसत होता, शेवटच्या चित्रात तयार रॅकजवळ हसत होता. सिस्टरांना तो माणूस पहिल्यापासून आवडला नाही. "हसून राह्यला नुसता. सांगत काईच नाई."

मी चित्रं पाहून सांगायची आणि त्या करायच्या. बोल्ट एका फळीत बसवायचा. त्याचं डोकं दुसऱ्या फळीच्या भोकात शिरतं. त्या भोकात एक जाड गोल चकती ठेवायची आणि पेचकसाने तिला अर्धा फेरा द्यायचा. ती बोल्टाचं डोकं धरून ठेवते आणि दोन फळ्या एकमेकींना घट्ट बसतात. चित्रात असं होतं. पिशवीत बोल्ट सगळे होते. चकती एकही नव्हती. आम्ही खोकं उलटं केलं, थर्माकोल फोडला, ओट्याखाली पाहिलं.

सिस्टर ओट्यावर बसल्या. एक बोल्ट हातात घेऊन त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "नवरदेव सगळे हजर," त्या म्हणाल्या, "अन् नवरी एक नाई."

तेव्हापासून आमच्या घरात बोल्टाला नवरदेव आणि चकतीला नवरी हेच नाव पडलं.

दुसऱ्या दिवशी शालिक मिस्त्री आला. त्याला मनवरांनीच पाठवलं होतं. फळ्यांवर टिचकी मारून तो म्हणाला, "सिस्टर, चकत्या-बिकत्या कायले पायजेत? खिळे ठोकतो. दहा वर्सं हालत नाई." सिस्टरांचं मन होत नव्हतं, पण पौर्णिमा जवळ येत होती. मिस्त्रीने खिळे ठोकले. रॅक उभा राहिला. आम्ही त्यात पुस्तकं लावली, लांब जाऊन पाहिलं, सिस्टरांनी मनवरांना बोलावणं पाठवलं.

मनवर आले. हात मागे बांधून त्यांनी रॅकला एक चक्कर मारली. मग एक शब्दकोश बाहेर ओढला, पाहिला आणि परत आत ढकलला. एवढंच झालं. रॅक आधी किंचित वाकला, मग झोप आलेल्या माणसासारखा हळूहळू एका कुशीवर कलला आणि सगळ्या पुस्तकांसकट जमिनीवर आडवा झाला. ती फळी भुसा दाबून केलेली होती. खिळ्यांच्या जागी बिस्किटासारखी फुटली.

धूळ बसल्यावर मनवर म्हणाले, "सिस्टर, रॅक झोपला तुमचा."

"झोपला नाई, चक्कर आली त्याले," सिस्टर म्हणाल्या. "चक्कर म्हंजे काय ते तुमाले ठाऊकच हाय, देवरावभाऊ."

मनवर निघून गेले. मी म्हटलं, "कशाला बोललात? आता तर ते मुळीच ऐकणार नाहीत." सिस्टर म्हणाल्या, "मले बी वाटलं, बोलू नये. पण तोंडातून निघून गेलं." मग त्या खाली बसल्या आणि फुटलेल्या जागी भुसा आणि डिंक भरायला लागल्या. वरून त्यांनी दवाखान्यातली पांढरी पट्टी गुंडाळली, गाठ मारली आणि म्हणाल्या, "आठ दिवस हात लावू नोका." डिंक खरंच बसला. फळी वाचली. फक्त चकत्या हव्या होत्या.

मग सुरू झाला शोध. सिस्टरांनी एक बोल्ट रुमालाच्या टोकाला बांधला आणि तो रुमाल त्या जातील तिथं बरोबर जायला लागला. मानोऱ्याच्या हार्डवेअरवाल्याने बोल्ट पाहून सांगितलं, "हे मिनीफिक्स हाय. आपल्या इकडचे लोक सागाचं फर्निचर करतात सिस्टर, हे कोण घेईन? वाशिमले पाहा." वाशिमच्या दुकानदाराने चकत्या दिल्या. घरी आणून पाहिल्या तर भोकापेक्षा मोठ्या. "नवरी अंगानं भारी पडली," सिस्टर म्हणाल्या. मी कामानिमित्त कारंज्याला गेले तेव्हा तिथून एक पुडी आणली. उघडली तर त्यात आणखी बोल्ट. सिस्टरांनी मला रागावलं नाही, नुसतं "बिचारे" म्हणाल्या. मला म्हणाल्या की बोल्टांना, ते शेवटपर्यंत मला कळलं नाही.

शेवटी मी त्यांना कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावून दिला. स्पीकर चालू केला. पलीकडे एक मुलगी होती, हिंदीत बोलणारी. सिस्टरांची हिंदी त्यांची स्वतःची होती.

"बेटी, तुम्हारे खोके में नवरदेव आया, नवरी नहीं आयी."

मी खुणेने सांगितलं, पार्ट नंबर सांगा. सिस्टर सांगायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. पलीकडची मुलगी खोकली होती.

"ये खाँसी कब से है?"

"जी मॅम?"

"सूखी है या कफ गिरता है?"

त्यानंतर तक्रार बाजूला राहिली. ती मुलगी ए.सी.च्या थेट खाली बसते, आईपासून लांब राहते, रात्री जेवत नाही, हे सगळं बाहेर आलं. सिस्टरांनी तिला हळद, गरम पाणी आणि जागा बदलून मागायला सांगितलं. तिने मॅम सोडून आंटी म्हणायला सुरुवात केली. फोन ठेवताना तिने खूप आभार मानले आणि सांगितलं की त्या चकत्या स्टॉकमध्ये नाहीत. आल्या तरी पाठवायला दीड महिना लागेल. पाहिजे तर पूर्ण रॅक परत घेतील, दुसरा मात्र मिळणार नाही. सिस्टरांनी रॅक परत करायला साफ नकार दिला. "पट्टी बांधलेल्या पेशंटले कोणी वापस पाठवते काय," त्या मला म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पोरगी चांगली होती वं. आवाजावरून छाती साफ वाटली. घशातलाच खोकला हाय."

पौर्णिमेला आता थोडेच दिवस उरले होते, आणि मध्येच जऊळक्याला त्यांच्या भाचीचं लग्न आलं. मला बरोबर नेलं. उन्हाचा तडाखा, मांडवात कूलर, आशीर्वाद झाल्यावर जेवणाच्या पंगती. मांडवाच्या कडेला नवरीला द्यायचं सामान मांडून ठेवलं होतं: भांडी, गादी, शिलाई मशीन, आणि एक मोठं पांढरं कपाट. सिस्टर वरण वाढून घेत होत्या. त्यांची नजर कपाटाकडे गेली आणि त्यांनी ताट माझ्या हातात दिलं.

मी पाहिलं तेव्हा त्या कपाटाच्या मागच्या बाजूला पदर खोचून, गुडघ्यांवर बसल्या होत्या. कपाट डुगडुगत होतं. त्याच्या फळीत अगदी तशीच गोल चकती होती. आपला बोल्ट तिच्याजवळ धरून त्या माप पाहत होत्या. मापात बरोबर. मग दाराच्या बाजूला पाहिलं, तर तिथली भोकं मोकळी.

नवरदेवाच्या मामाने हे दृश्य पाहिलं. नवरीची आत्या, हातात लोखंड, आणि समोर कपाट. "तुमी काय काढून राह्यल्या, बाई?" त्याने मोठ्याने विचारलं. आजूबाजूचे चार जण वळले. नवरीच्या आईचा चेहरा पडला. अशा गोष्टींवरून लग्नघरात काय होऊ शकतं ते सगळ्यांना माहीत होतं.

सिस्टर उठल्या आणि त्यांनी मामाचं मनगट धरलं. "काढून नाई राह्यली, पाहून राह्यली. तुमी बसा आदी. नाडी जोरात पळून राह्यली तुमची." मामा काय करतो, बसला. बसलेल्या माणसाला भांडता येत नाही. "हे कपाट कोणी जोडलं?" सिस्टरांनी विचारलं.

नवरीचा भाऊ सिद्धार्थ पुढे आला. त्याने जोडलं होतं. "ह्या चकत्या अर्ध्याच काहून लावल्या?" त्यावर तो म्हणाला, "आत्या, बाकीच्या एक्स्ट्रा होत्या. कंपनीवाले जास्त देतात." आणि पँटच्या खिशातून त्याने चकत्यांची एक पुडी काढून आत्याच्या हातावर ठेवली. मूठभर चमकत्या चकत्या.

मी जवळच होते. सिस्टरांनी ती पुडी हातात धरून ठेवली. जेवढ्या पाहिजे होत्या तेवढ्या असाव्यात, कदाचित एक-दोन जास्तच. सिद्धार्थ म्हणाला, "तुमाले कामाच्या असतीन तं घेऊन जा." मामा पंख्याचा वारा घेत बसला होता, त्याला काही कळलं नसतं. कपाट दोन-चार महिने तरी उभं राहिलं असतं.

सिस्टरांनी एक मोठा श्वास सोडला. मग पुन्हा खाली बसल्या, पेचकस मागवला, आणि एकेक चकती कपाटाच्या मोकळ्या भोकात बसवून फिरवायला लागल्या. सगळ्या लागल्या. एकही उरली नाही. उठून त्यांनी कपाटाला धक्का देऊन पाहिलं. हललं नाही. "आता न्या तुमचं कपाट," त्या मामाला म्हणाल्या, "अन् मीठ कमी खा." मामाने त्यांना हात जोडले आणि स्वतः उठून त्यांच्यासाठी बुंदी आणली.

परतीच्या गाडीत त्या मंगरुळपीर गेल्यावर म्हणाल्या, "पोरीच्या डोक्यावर कपाट पडलं असतं तं?" मी काही विचारलं नव्हतं. मग त्यांनी रुमालाची गाठ सोडली, बोल्ट पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली. मला त्यांच्याकडे पाहून पहिल्यांदाच वाटलं की बाई थकल्या आहेत.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी विहारात साफसफाई चालली होती. मनवरांनी गंज घासायला काढले होते, म्हणजे त्यांच्या बाजूने निकाल लागलेला होता. सिस्टर आमच्या ओसरीत बसून पुस्तकं पुन्हा पोत्यांत भरत होत्या. तेवढ्यात लीलाबाई मनवर आल्या. ठेंगण्या, अबोल बाई. बैठकीतसुद्धा त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी पदराखालून एक डबा काढला.

"चिवडा हाय काय?" सिस्टरांनी विचारलं.

"उघडून पाहा ना."

डब्यात चकत्या होत्या. जुन्या, थोड्या मळलेल्या. सिस्टरांनी पर्समधून बोल्ट काढून एकीला लावून पाहिला. बसला. त्यांनी लीलाबाईंकडे पाहिलं.

"त्या दिवशी बायांच्या मीटिंगमदी तुमी बोल्ट दाखवला नाई काय," लीलाबाई म्हणाल्या. "तवापासून मले वाटून राह्यलं का असं काहीतरी मी रोज पायतो. आज झाडताना दिसलं. आमच्या टीव्हीखालच्या टेबलाले हायेत. डोळे वटारल्यासारखे बाहेर पायतात."

"मंग टीव्ही?"

"खाली ठेवला सतरंजीवर. टेबल खोललं. सुरीनंच निघालं ते."

"अन् देवरावभाऊ?"

"ते गंज घासायले गेले हायेत."

सिस्टर खूप वेळ हसल्या. इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले, आणि मग पुसतच राहिल्या. "लीला, तुह्या घरात भांडण लागन वं," त्या म्हणाल्या.

लीलाबाई पदर सावरत म्हणाल्या, "लागू दे. तवा दवाखान्यात तुमी माहा हात सोडला नाई. हे तं गोल लोखंड हाय." आणि चहा न घेता निघून गेल्या.

संध्याकाळपर्यंत रॅक उभा राहिला. शेवटच्या चकतीला सिस्टरांनी अर्धा फेरा दिला तेव्हा फळीतून बारीकसा आवाज आला, सांधा जागेवर बसावा तसा. आम्ही दोघींनी रॅक हलवून पाहिला, मी तर त्याला खांदाही दिला. पट्टीचा तो एक कोपरा सोडला तर रॅक थेट त्या हसणाऱ्या माणसाच्या चित्रासारखा दिसत होता.

पौर्णिमेच्या सकाळी मनवर विहारात आले ते लाल चेहऱ्याने. रात्री बातम्या त्यांना जमिनीवर मांडी घालून बघाव्या लागल्या होत्या. लीलाबाईंनी कारण सांगितलं होतं की नाही ठाऊक नाही, पण ते सरळ मागच्या खोलीकडे गेले. खोलीत मुली, बायका, समितीचे सभासद, सगळे जमले होते. रॅकमध्ये पुस्तकं ओळीने उभी होती. मनवर रॅकजवळ गेले, वाकले आणि बाजूच्या फळीत डोकावले. तिथं त्यांच्या टीव्हीच्या टेबलाची चकती त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी ती लगेच ओळखली, कारण तिच्यावर त्यांच्याच घरच्या निळ्या ऑइलपेंटचा ठिपका होता.

ते ताठ उभे राहिले. तोंड उघडलं. मला वाटलं, आता संपलं. पण तेवढ्यात सिस्टर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "या रॅकसाठी सगळ्यात मोठी मदत अध्यक्षांच्या घरून झाली. त्याहीच्या घरच्या सामानाबिगर हा रॅक उभा राह्यला नसता. उद्घाटन त्याहीच्याच हातानं व्हावं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलींनी जास्तच वाजवल्या. मनवरांनी तोंड मिटलं, सिस्टरांकडे पाहिलं, कोपऱ्यात उभ्या लीलाबाईंकडे पाहिलं. लीलाबाई छताचा पंखा बघत होत्या. मग मनवरांनी खिशातलं एक पेन काढून उगाच पुन्हा खिशाला लावलं आणि भाषण केलं. भाषण लांबलं. शिक्षणाचं महत्त्व सांगता सांगता ते म्हणाले की समाजाच्या कामासाठी मी घरातली वस्तू पाहिली नाही, आणि तोवर त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास बसला होता. शेवटी त्यांनी गंज आणि सतरंज्या स्वतःच्या घराच्या पडवीत ठेवण्याची घोषणाही करून टाकली. लीलाबाईंनी पंख्यावरून नजर खाली आणली, ती पहिल्यांदा तेव्हा.

सिस्टर माझ्या कानात म्हणाल्या, "सलाईनचं आता सांगत नाई कोणाले." हे त्यांनी पाळलं. निदान माझ्यासमोर तरी.

अभ्यासिका चालली. पहिल्याच वर्षी एक मुलगी नर्सिंगला लागली, शेळ्यांच्या गोठ्यातली. सिस्टर रोज दुपारी तिथं जाऊन बसायच्या. खरं तर त्यांचा अडथळाच व्हायचा, कारण त्यांना गप्प बसणं माहीत नव्हतं. मुली प्रश्नपत्रिका सोडवत असायच्या आणि या एकीला विचारायच्या, तुझ्या आजीचे गुडघे कसे आहेत. मुलींनी दारावर 'शांतता राखा' अशी पाटी लावली. सिस्टरांनी ती वाचली, "चांगलं केलं" म्हणाल्या आणि कोणी लिहिली, अक्षर कोणाचं, तिच्या बापाचं अक्षरही असंच होतं का, हे विचारत राहिल्या.

माझी बदली आली तेव्हा पावसाळा संपत होता. सामान टेम्पोत चढलं. सकाळी सिस्टरांनी मला दशम्या बांधून दिल्या होत्या आणि सांगितलं होतं, "जायच्या आदी मले आवाज देजो, मी अभ्यासिकेत असन." टेम्पोवाला घाई करत होता. मी त्याला थांबायला सांगून विहाराच्या मागे गेले.

दार लोटलेलं होतं. मी खिडकीतून पाहिलं. मुली भिंतींना टेकून बसल्या होत्या, पुस्तकं मांडीवर. मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत सिस्टर. मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून त्या गाढ झोपल्या होत्या, आणि घोरत होत्या. चांगल्या मोठ्याने घोरत होत्या. एक मुलगी उठली, त्यांच्या घसरलेल्या चष्म्याच्या काड्या हलक्या हाताने सोडवून चष्मा काढून घेतला आणि खिडकीतला वारा त्यांच्या थेट अंगावर येत होता म्हणून खिडकीची एक फळी ओढून घेतली. तेव्हा तिला मी दिसले. मी हात उचलून सिस्टरांकडे बोट दाखवलं, उठव म्हणून. तिने मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं.

बाकीच्या मुलींनी डोकी वर केली नाहीत. पानं उलटायचा आवाज येत होता, आणि त्यावर सिस्टरांचं घोरणं. मी थोडा वेळ तशीच खिडकीशी उभी राहिले. मग चपलांचा आवाज होऊ नये म्हणून त्या हातात घेतल्या आणि टेम्पोकडे निघाले.